सवलत कुणाची?

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या घरात तीन वर्षं भाडेकरू म्हणून काढली की ते घर सवलतीत विकत मागता येतं. याला ‘राइट टू बाय’ म्हणतात. थॅचरबाईंच्या सरकारनं १९८०च्या कायद्यानं हा हक्क दिला आणि तेव्हापासून लाखो घरं अशी विकली गेली. स्कॉटलंडनं २०१६ मध्ये आणि वेल्सनं २०१९ मध्ये हा प्रकार बंद केला. इंग्लंडमध्ये तो अजून चालू आहे.

माझा नवरा २०१० पासून पूर्व लंडनमधल्या एका काउन्सिल फ्लॅटचा भाडेकरू. त्याआधी तो, त्याची आई आणि बहीण एका खोलीत राहत, यादीत नंबर लागायची वाट बघत. मी लग्न करून या घरात आले २०१९ मध्ये. भाडेकरारावर माझं नाव नाही. पण खरेदीच्या अर्जात भाडेकरूला कुटुंबातल्या तिघांपर्यंत माणसांना सोबत घेता येतं. भाऊ, मुलगी वगैरेंना आधीचे बारा महिने तिथंच राहत असल्याचं दाखवावं लागतं. नवरा किंवा बायको असेल तर ती अट नाही, ते तिचं मुख्य घर असलं की झालं. म्हणजे सख्ख्या भावाला वर्षभराचा हिशोब द्यावा लागतो आणि बायकोला लग्नाचा दाखला पुरतो. मला हे गमतीचं वाटलं होतं.

३० ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये सरकारनं सवलत कापली. लंडनमध्ये कमाल १,३६,४०० पौंड मिळत होते, ते २१ नोव्हेंबरपासून बहुतेक भागांत १६,००० वर येणार होते. तीन आठवडे हातात. आम्ही त्यातच अर्ज भरला, दोघांच्या नावानं. पुढं घराची किंमत ठरली ३,३०,००० पौंड, आम्हाला द्यायचे होते १,९३,६००. कर्ज दोघांच्या पगारावर, हप्ते निम्मेनिम्मे. माझा पगार नसता तर बँकेनं एवढं कर्ज दिलंच नसतं.

मग वकीलबाईंनी विचारलं, जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन? (मालक झाल्यावरही इंग्रजी कायदा आम्हाला ‘टेनंट’च म्हणतो, हे मला फार आवडलं.) पहिल्यात एक गेला की सगळं घर दुसऱ्याचं. दुसऱ्यात प्रत्येकाचा ठरावीक हिस्सा, आणि तो मृत्युपत्रानं हव्या त्याला देता येतो. हिस्सा म्हटलं की किती, हा प्रश्न आलाच.

१९९२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात स्प्रिंगेट विरुद्ध डिफो असा खटला झाला. लग्न न केलेलं जोडपं, दोघांच्या नावावर घेतलेलं काउन्सिलचं घर. बाई अकरा वर्षांहून अधिक काळ काउन्सिलची भाडेकरू होती म्हणून ४१ टक्के सवलत मिळाली होती. ती सवलत तिनं घातलेला पैसा धरून न्यायालयानं घर ७५-२५ असं वाटलं. पुढं २००७ मध्ये, स्टॅक विरुद्ध डाउडेन या खटल्यात, हाउस ऑफ लॉर्ड्सनं म्हटलं की दोघांच्या नावावरच्या राहत्या घरात सुरुवात निम्म्यापासून करायची. लग्न मोडलं तर हिशोब आणखी वेगळा, तिथं न्यायालय गरजाही बघतं. पण मी स्प्रिंगेटचं गणित आम्हाला लावून पाहिलंच. नवरा ७१ टक्के, मी २९.

नवरा म्हणाला, “अगं, लग्नातल्या आहेराची कुणी वाटणी करतं का? निम्मं निम्मं.” नणंद म्हणाली, “तुझं चूक नाही गं. पण त्या घरासाठी आई किती वर्षं रांगेत होती, तू पाहिलेलं नाहीस.” मी म्हटलं, “खरंय, ताई.” आणि गप्प बसले, कारण ते खरंच होतं.

सवलत त्याची आहे असं म्हणायला आधार कोणता? त्यानं भाडं भरलं. पण भाड्याच्या बदल्यात तो राहिला, तो व्यवहार दर महिन्याला तिथंच संपला. खाजगी घरमालकाला वीस वर्षं भाडं भरणाऱ्याला कुणी एक पौंड सोडत नाही. मग सवलत कष्टाची नाही. ती सार्वजनिक मालमत्तेतून काढून दिलेली आहे, आणि कुणाला किती हे मोजायला वर्षं वापरली, एवढंच. मोजपट्टी म्हणजे कमाई नव्हे. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं अशी अट असते. तिथं कुणी विचारत नाही की अनुदान नवऱ्याच्या गरिबीचं की बायकोच्या. ते घराला दिलेलं असतं.

या युक्तिवादानं मी माझा निम्मा हिस्सा मिळवला. पण तो तिथं थांबेना. सवलत त्याची कमाई नाही तर माझीही नाही. मग ज्यांची आहे ते कोण? इंग्लंडमध्ये सामाजिक घरांच्या यादीत १३ लाखांहून अधिक कुटुंबं आहेत. नवऱ्याचं उत्तर तयार होतं: आपण घेतलं नाही तरी आपण इथंच राहणार, घर कुणाला मिळणार नाही. आजचं बरोबर. पण आमच्यानंतर ते यादीतल्या कुणाला तरी मिळालं असतं, ते आता मिळणार नाही. त्या माणसाला चेहरा नाही, कदाचित तो अजून जन्मलाही नसेल. म्हणून त्याचा हक्क कमी होतो, असं मला म्हणता येत नाही. तरी मी सही केली. भाडेवाढीची भीती मलाही आहे, आणि एका खोलीत वाढलेल्या माणसाला ‘घेऊ नको’ म्हणण्याइतकं माझं तत्त्व मोठं नाही.

आमच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट असेच विकले गेलेले आहेत. आज तिथं खाजगी भाडेकरू राहतात आणि काउन्सिलच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त देतात. कायद्याच्या अटी मर्यादित आहेत: पाच वर्षांत विकलं तर सवलत परत करायची, पहिल्या वर्षी पूर्ण, मग दर वर्षी पाचवा भाग कमी, दहा वर्षांत विकलं तर आधी काउन्सिलला विचारायचं. भाड्यानं देण्याबद्दल आमच्या कागदांत मला विशेष काही दिसलं नाही.

घर आता टेनंट्स इन कॉमन म्हणून आमचं आहे, निम्मं निम्मं. ताईंना ते पटलं, कारण भावाला त्याचा हिस्सा आपल्या भाच्यांनाही देता येईल. मी आणखी एक पानभर मजकूर लिहिला आहे: हे घर बाजारभावानं भाड्यानं द्यायचं नाही, आणि कधीही विकलं, अगदी तीस वर्षांनीही, तरी आधी काउन्सिलला विचारायचं. कायद्यानं त्याला फारशी किंमत नाही. नवरा म्हणतो, म्हातारपणी गावी गेलो तर भाड्यावरच जगावं लागेल, तेव्हा काय करशील? तो कागद फ्रिजवर लावलाय. त्यावर माझी एकटीची सही आहे.