एकविसावा दिवस



गेल्या वर्षी एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक आवाहन करण्यात आले होते. आपल्यातल्याच एका सोळा वर्षांच्या मुलीच्या हृदयाची झडप बदलावी लागणार होती. ऑपरेशनचा खर्च मोठा आणि घरची मिळकत रोजंदारीची. आपण सर्वांनी सढळ हाताने मदत केली. दोन रविवारांत रक्कम जमली, ऑपरेशन पार पडले, मुलगी सुखरूप घरी आली. आभाराची मिस्सा झाली आणि आम्हा सर्वांना मनापासून बरे वाटले.

पुढे एकदा मुलीच्या आईशी बोलणे झाले. ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी पैसे दिलेत, देव तुमचं भलं करो. पण ती बारा वर्षांची होती तेव्हा दर तीन आठवड्यांनी तिला इंजेक्शनला न्यायला कोणी असतं, तर कदाचित ही वेळच आली नसती."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तरीही ते वाक्य आमच्या मनातून जाईना. आपण दिलेली मदत खरी होती, यात शंका नाही. मग ती उशिरा का पोहोचली? आणि वेळेवर पोहोचणारी मदत कशी असते? आज या प्रश्नाचा आपण मिळून विचार करू या.

मुलांचे हृदयविकार ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. काही जन्मजात असतात, जसे हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे. काही मात्र जन्मानंतर जडतात. या मुलीचा आजार दुसऱ्या प्रकारचा होता. त्याची सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा दुखतो आणि काही दिवसांत बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर. साधारण ५ ते १५ या वयात हे घडते. जंतूशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, मागे खूण ठेवत नाहीत. झडपा मात्र जाड होतात, आकसतात किंवा गळू लागतात. यालाच डॉक्टर ऱ्हुमॅटिक हृदयविकार म्हणतात.

घशाचा असा संसर्ग पुन्हा झाला तर आजार पुन्हा उलटतो आणि दर खेपेला झडपांवर नवा घाव बसू शकतो. म्हणून एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. हृदयाला इजा नसेल तरी निदान पाच वर्षे आणि इजा असेल तर दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ. आपल्याकडे बहुधा २१ दिवसांनी बोलावतात. औषध महाग नाही. पण हे इंजेक्शन फार दुखते. आईचा किंवा वडिलांचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मुलाची शाळा बुडते. आणि मूल तर दिसायला ठणठणीत असते! सहा-आठ महिने गेले की घरात कोणीतरी म्हणतेच, "चांगल्या पोरीला कशाला टोचत बसायचं?" या मुलीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

या आजाराच्या इतिहासात एक गोष्ट आपल्याला विचार करायला लावणारी आहे. हा ताप ओळखावा कसा, याचे नियम १९४४ साली डॉ. टी. डकेट जोन्स यांनी मांडले. कोणत्याही एका तपासणीने तो पक्का ठरत नाही. सांधे, हृदय, त्वचा, हालचाली, रक्त यांतली चिन्हे एकत्र जुळवावी लागतात. २०१५ साली त्या नियमांत सुधारणा झाली आणि हृदयाच्या सोनोग्राफीला, म्हणजे इकोला, त्यात स्थान मिळाले. पण नाव आजही जोन्स यांचेच आहे. ते अमेरिकेतील बोस्टन शहरात ज्या रुग्णालयात काम करीत, त्याचे नाव होते 'हाउस ऑफ द गुड समॅरिटन', म्हणजे चांगल्या शोमरोन्याचे घर.

तेथे जोन्स आणि त्यांचे सहकारी डॉ. ब्लँड यांनी हा आजार झालेल्या १००० मुलांची २० वर्षे सतत विचारपूस केली. मुले मोठी झाली, पांगली, तरी त्यांनी माग सोडला नाही. १९५१ साली त्यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्या २० वर्षांत ३०१ जण दगावले होते. सुरुवातीला ज्यांच्या हृदयात काहीच दोष सापडला नव्हता, अशांपैकीही अनेकांना पुढे हृदयविकार जडला होता. वरून बरे दिसणारे मूल बरे असतेच असे नाही, हे या दोघांना कळले, कारण ते पुन्हा पुन्हा परत जाऊन पाहत राहिले.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणे, स्वतःच्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेणे, दोन दिनार देणे, हे सारे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण त्याने उतारशाळेच्या मालकाला आणखी काही सांगितले होते. जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा तो फेडीन, असा शब्द त्याने दिला होता. पैसे देऊन तो मोकळा झाला नाही. त्याने परत येण्याचे कबूल केले. आम्ही त्या मुलीसाठी दिनार दिले, पण परत येण्याचा शब्द कधी दिला नव्हता.

कोणी विचारील, मुलाला इंजेक्शनला नेणे हे आईवडिलांचे काम नव्हे काय? नक्कीच आहे. पण रोज बुडाला तर संध्याकाळची चूल पेटवण्याची चिंता ज्या घरात आहे, तेथे ते कर्तव्य एकट्याने बारा वर्षे ओढणे किती जड असते! शिवाय हा आजार दाटीवाटीने राहणाऱ्यांत अधिक पसरतो. पश्चिमेकडील देशांत घरे सुधारली, गर्दी कमी झाली, तसा तो पेनिसिलिन येण्याआधीपासूनच ओसरू लागला होता. म्हणजे त्या मुलीच्या आजारात आईच्या हयगयीआधी एका खोलीत झोपणाऱ्या सात माणसांचाही वाटा आहे. आईला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. बऱ्या दिसणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे टोचून दुखवणे योग्य आहे काय? युगांडात ५ ते १७ वयाच्या ८१८ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांना काहीही त्रास नव्हता, पण इकोमध्ये झडपांचा सुप्त आजार दिसला होता. निम्म्यांना दोन वर्षे दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही. इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला, घेतलेल्यांपैकी फक्त ०.८ टक्के मुलांचा. म्हणजे शंभर मुलांनी वेदना सोसली तेव्हा सुमारे सात मुले वाचली. ती सात कोणती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. ऑपरेशनसाठी पैसे दिले की वाचलेले मूल आपल्याला दिसते. त्याचे नाव कळते, आभाराची मिस्सा होते. इंजेक्शनला सोबत गेलो तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणे हेच त्याचे फळ असते! असे फळ न दिसणारे काम आपण करू का? मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. न केलेले कर्तव्य बहुधा असेच लहान, कंटाळवाणे आणि कोणाच्या नजरेत न येणारे असते.

मग आपल्याला काय करता येईल? मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे आणि दिलेले औषध पूर्ण करावे. एका सांध्यातून दुसऱ्यात जाणारी सूज 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नये. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते, तिच्यात पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळाली तर ती खिशात राहू देऊ नये. आपल्या समूहात असे मूल असेल तर आईवडिलांच्या संमतीने एकाने तारीख लक्षात ठेवावी, दुसऱ्याने सोबत जावे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांनी त्या दिवसाचा रोज कापू नये. आणि मुलगी असेल तर तिच्या आजाराची चर्चा चारचौघांत करू नये. पुढे लग्न जमणार नाही या भीतीने कितीतरी घरे आजार लपवतात आणि इंजेक्शन थांबवतात.

त्या मुलीला धातूची झडप बसवली आहे. आता रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला रोज घ्यावी लागेल, आयुष्यभर. त्यासाठी रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागेल. पुढे लग्न होऊन दिवस राहिले तर त्या गोळीमुळे फार जपावे लागेल. आणि इंजेक्शनही सुटलेले नाही, कारण उरलेल्या झडपा राखायच्या आहेत.

परवा आम्ही तिच्या आईला पुढची तारीख विचारली. येत्या गुरुवारी, सकाळी नऊ वाजता. या खेपेला आमच्यापैकी एक जण तिच्याबरोबर जाणार आहे. त्यानंतरच्या एकविसाव्या दिवशी कोण जाईल?