सभासदाच्या नावाने

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने आदेश काढला की उसाच्या रसापासून आणि पाकापासून यंदा इथेनॉल करायचे नाही. पाऊस कमी पडला होता, साखर घटेल आणि लोकसभेच्या तोंडावर भाव चढतील ही धास्ती होती. कृष्णाकाठी तेव्हा गाळप ऐन भरात होते. कर्जे काढून डिस्टिलरी वाढवलेल्या कारखान्यांचे हिशेब एका दिवसात विस्कटले. साखर संघांची निवेदने दिल्लीला गेली. १५ डिसेंबरला सरकारने बंदी सैल केली आणि १७ लाख टन साखरेइतका रस व बी-हेवी (साखरेचा अंश जास्त उरलेली) मळी इथेनॉलकडे वळवायला परवानगी दिली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये उरलेले निर्बंधही उठले.

आठ दिवसांत केंद्राचा आदेश सैल होतो, ही साधी गोष्ट नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हवामान आणि ऊर्जेचे धोरण गावापर्यंत पोचते ते याच वाटेने. ते कारखान्याच्या गेटमधून येते, आणि ते ठरताना उद्योगाच्या वतीने बोलतात त्या संघटना: सहकारी कारखान्यांचा राज्य संघ, त्यांचा राष्ट्रीय महासंघ, खासगी कारखान्यांची ‘विस्मा’ आणि देशपातळीवरची ‘इस्मा’. १९३२ साली स्थापन झालेल्या ‘इस्मा’ने २०२४ मध्ये आपल्या नावातच ‘जैव-ऊर्जा’ घेतली. साखरेचा धंदा आता स्वतःला ऊर्जेचा धंदा मानतो.

या संघटनांच्या मागण्या खोट्या आहेत, असे मी म्हणणार नाही. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढची सहा वर्षे तिथेच राहिली. याच काळात पायाभूत उताऱ्याच्या उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा रास्त आणि किफायतशीर दर, टनाला २,७५० रुपयांवरून ३,४०० रुपयांवर गेली. रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे ठरला. जानेवारी २०२५ मध्ये फक्त सी-हेवी, म्हणजे शेवटच्या मळीच्या, इथेनॉलचा दर वाढला, रसाचा आणि बी-हेवीचा नाही. सरकारने २०१८ मध्ये व्याज सवलत देऊन डिस्टिलऱ्या उभारायला सांगितले, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून अलीकडे ओढले, आणि यंत्रे बसल्यावर मक्याकडे मोर्चा वळवला. कारखान्याच्या कार्यालयात बसून हे आकडे पाहणाऱ्याला राग येणे स्वाभाविक आहे.

आपल्याकडची गोष्ट पाश्चात्त्य देशांहून वेगळी आहे, हेही खरे. अमेरिकेत तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ नावाची आघाडी उभी केली आणि २००२ मध्ये ती विसर्जित होईपर्यंत हवामान करारांना विरोध केला. तिथला दबाव धोरण अडवण्यासाठी होता. आपल्या साखर संघटनांना हरित धोरण हवे आहे आणि ते जलद हवे आहे. पण म्हणूनच त्यांची मागणी तपासायची राहून जाते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले, उसाचा चोथा (बगॅस) जाळून वीज केली की काम पर्यावरणाचे झाले, असे आपण गृहीत धरतो.

जरा पाण्याकडे पाहू. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिले आहे की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. सांगली जिल्ह्यात हे पाणी सगळीकडे कालव्याने आपसूक येत नाही. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजना कृष्णेचे पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि त्या विजेच्या बिलाचा ८१ टक्के भार सरकार, तर १९ टक्के शेतकरी उचलतात. आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या माणसांनी या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, त्यांना ते मिळालेच पाहिजे. पण उचललेल्या पाण्यावर ऊस, उसाचे इथेनॉल, आणि त्या इथेनॉलची स्वच्छ इंधन म्हणून नोंद, या साखळीत पंपाची वीज कोणाच्या खात्यावर धरायची? लिटरच्या दरावर बोलणाऱ्या निवेदनात पंपाच्या विजेचा आणि ठिबकखालच्या क्षेत्राचा हिशेब का नसावा? ऊसतोड मजुराला तर या सगळ्यात कुठेच जागा नाही, आणि वाढत्या उन्हाची झळ सर्वांत आधी लागते ती फडातल्या माणसाला.

उद्योगाच्या पाठपुराव्याने हरित धोरण वळण्याचा असाच एक प्रसंग साताऱ्याच्या पठारांनी आधी पाहिला आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे भागात पवनचक्क्या दाटल्या, त्यामागे वाऱ्याइतकाच जोर ‘वेगवान घसाऱ्या’च्या कर सवलतीचा होता. २०१२ मध्ये ती सवलत काढताच देशातली नवी उभारणी निम्म्यावर आली, उद्योगाने पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये सवलत परत आली. यंत्र उभारल्यावर मिळणारी सवलत आणि प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेच्या युनिटवर मिळणारे अनुदान यांत मोठा फरक आहे. पठारावरच्या गावांना कोणते धोरण हवे होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

पवन कंपन्यांचे भागधारक दूरच्या शहरांत होते. सहकारी साखर कारखान्याचा मालक वाळव्यात, रेठऱ्यात, यशवंतनगरात राहतो. २०१९ ते २०२२ या काळातले राज्याचे सहकारमंत्री बाळासाहेब पाटील हे कराडच्या सह्याद्री कारखान्याचे अध्यक्ष. अशा वेळी उद्योग कुठे संपतो आणि सरकार कुठे सुरू होते, ते सांगणे अवघड होते. यात लपवाछपवी काही नाही, सगळे उघड आहे. प्रश्न इतकाच की सभासदाच्या नावाने केलेली मागणी सभासदाची असते का? फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला. कारखान्यांना तो सोयीचा होता, ऊस घालणाऱ्याला नव्हता. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारखान्याचे हित आणि सभासदाचे हित वेगळे पडू शकते, हे त्या निकालाने लख्ख दाखवले.

म्हणून माझे मागणे सोपे आहे. दर वर्षी सप्टेंबरअखेर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. ताळेबंद येतो, ‘मंजूर, मंजूर’च्या आवाजात विषय पुढे सरकतात. त्या अहवालात एक पान वाढवावे. वर्षभरात आपल्या संघाने केंद्राला आणि राज्याला कोणती निवेदने दिली, इथेनॉलचा दर, सहवीजेचा दर, पाणी आणि ठिबक याबद्दल काय मागितले, ते त्यात छापावे. संघाची वर्गणी कारखाना भरतो, म्हणजे ती सभासदाच्याच पैशातून जाते. पुढच्या वर्षीची मागणी सभेत मांडून मतास टाकावी. ज्याच्या विहिरीचा तळ एप्रिलमध्ये दिसतो तो सभासद आणि ज्याच्या मळ्यात ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलेल्या कृष्णेचे पाणी शिरले तो सभासद, दोघेही त्याच मांडवात बसलेले असतात. हवामानाबद्दल त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सहकार कायद्याने त्यांना मत दिलेले आहे, नवा कायदा करावा लागत नाही. विषयपत्रिकेत एक ओळ घालायला संचालक मंडळाची एक बैठक पुरते.