नोंद नाही

सीताबर्डीच्या मोदी गल्लीत एक झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं. तिथल्या पोराच्या संगणकावर एका जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर ओळ न् ओळ टाइप करून ठेवलेलं होतं. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो, त्यासाठी माणसं त्याच्याकडे येत.

एके दुपारी एक बाई आल्या. आजोबा त्या शाळेत शिकले, राहायला बर्डीवर, एवढंच त्यांना ठाऊक. आजोबांच्या नावाची मुलं रजिस्टरात डझनावारी होती. पोराने काळ्या पडद्यावर ग्रेप चालवलं, ‘सीताबर्डी’ शब्द दिला आणि निघालेल्या ओळींत ते नाव पाहिलं. एकही नाही.

“नोंद नाही, मावशी.”

बाईंनी कागदांच्या पिशवीला गाठ मारली आणि पायऱ्या उतरल्या.

कोपऱ्यात प्रुफं तपासणारे काका बसले होते. “काय शोधून राहिला होता तू?”

“सीताबर्डी.”

“दीर्घ? अन् मास्तरनं ऱ्हस्व लिहिलं असंल तर?”

पोरगा थबकला. केन थॉम्प्सन यांनी 1973 साली बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या ग्रेपचं काम एवढंच: फाइल ओळीओळीने वाचायची आणि दिलेल्या नमुन्याशी जुळेल ती ओळ छापायची. माणसाचा डोळा ‘सिताबर्डी’ वाचून सीताबर्डीच समजतो. ग्रेपला त्या दोन वेलांट्या म्हणजे दोन निराळी चिन्हं. म्हणून तर नमुन्यांची भाषा आहे. चौकटी कंसात दोन्ही वेलांट्या ठेवल्या की त्यातली कुठलीही चालते. एखाद्या भागापुढे प्रश्नचिन्ह दिलं की तो भाग असला तरी चालतो, नसला तरी चालतो. जुने मराठी कागद ज्याने हाताळलेत, एकाच पानावर एकच गाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं ज्याने पाहिलंय, त्याला या भाषेची किंमत सांगावी लागत नाही.

पोराने दोन्ही वेलांट्या दिल्या. ओळी वाढल्या, आजोबा मात्र सापडले नाहीत.

“तू काय म्हणतो या जागेले?” काकांनी विचारलं.

“बर्डी.”

“मंग?”

त्याने आख्खं ‘सीता’ गोल कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. निघालेल्या ओळी उभ्या रेघेतून दुसऱ्या ग्रेपकडे सोडल्या, तिथे आजोबांचं नाव दिलं. एकच ओळ आली. मु. बर्डी. वडिलांचं नाव, जात, दाखल तारीख, सगळं त्यात होतं.

बाई तोवर व्हेरायटी चौकात ऑटोची वाट पाहत होत्या. पोरगा धावत गेला आणि त्यांना घेऊन आला. नोंदीचा क्रमांक घेऊन त्या दुसऱ्या दिवशी शाळेत उतारा मागायला गेल्या.

त्या दुकानातून ‘नोंद नाही’ अशी चिठ्ठी आजही मिळते. पण आता तिच्या खाली, कोणकोणत्या नमुन्यांनी शोधलं ते पोराने हाताने लिहिलेलं असतं.