शंकासमाधान : कळांच्या वेळी नवऱ्याने कुठे असावं?

शंका : पत्नीचं पहिलं बाळंतपण माहेरी होणार आहे. तिथल्या दवाखान्यात नवऱ्याला आत थांबू देतात आणि मी जवळ असावं अशी तिची फार इच्छा आहे. आमच्या आजी मात्र म्हणतात, ‘बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं. सोयर लागते. तुझ्याकडे देवीची रोजची पूजा आहे, हे विसरू नकोस.’ आजींचा शब्द मोडवत नाही आणि पत्नीला नाही म्हणवत नाही. शास्त्र काय सांगतं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

समाधान : तुम्ही आत जा. शास्त्राची त्याला आडकाठी नाही. उलट प्रसूतीच्या वेळी पतीने करायचं कर्म शास्त्राने नेमून दिलं आहे.

बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात प्रसववेदना सुरू झालेल्या पत्नीवर पतीने पाणी शिंपडावं आणि प्रसूती सुखरूप व्हावी म्हणून मंत्र म्हणावा, असं सांगितलं आहे. वाऱ्याने कमळांचं तळं जसं सर्व बाजूंनी हलतं तसा गर्भ हलो आणि वारेसह बाहेर येवो, अशी त्या मंत्रातली प्रार्थना आहे. पारस्कर गृह्यसूत्रातही हे पाणी शिंपडण्याचं कर्म आहे. त्यानंतर येतो जातकर्म संस्कार. तो पित्याने करायचा असतो आणि मनुस्मृतीप्रमाणे त्याची वेळ नाळ कापण्यापूर्वीची आहे. ज्याला नाळ कापण्याआधी संस्कार करायचा आहे, तो गावाच्या वेशीवर बसून कसा चालेल?

सोयरीचंही तसंच आहे. नाळ कापली जाईपर्यंत जननाशौच सुरूच होत नाही, असं मत धर्मशास्त्राच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. पुढच्या काळाबद्दल मनुस्मृती म्हणते की, सोयर मुख्यतः आईची असते आणि पिता स्नानाने शुद्ध होतो. तुमच्या घरी दहा दिवस पाळण्याची रीत असेल तर ती जरूर पाळा, पण ते दिवस बाळाच्या जन्मामुळे येतात. तुम्ही आत असा की बाहेर, ते तेवढेच राहतील. देवीची पूजा त्या काळात दुसऱ्या कुणाकडून करवून घेता येते आणि नामस्मरणाला तर कसलीच सोयर लागत नाही.

आता आजींच्या बोलण्यातला खरा अर्थ समजून घ्या. त्यांच्या काळी बाळंतपण घरच्या खोलीत होई. सुईण, आई, मावशी, शेजारची अनुभवी बाई अशा चार बायका तिथे असत. कुणी कंबर दाबून देई, कुणी पाणी तापवी, कुणी हात धरून बसे. पुरुषाला बाहेर ठेवण्यात तिची लाज राखली जाई आणि तिला सोबतीची उणीवही भासत नसे. आज त्या बायका दवाखान्याच्या दाराबाहेर बसतात आणि आत ती अनोळखी माणसांत एकटी असते. सोबतीची जी जागा रिकामी झाली आहे, ती भरायला पत्नी तुम्हाला बोलावते आहे. आजींना हे शांतपणे सांगा, त्यांना नमस्कार करून निघा आणि बाळ झाल्यावर पहिला फोन त्यांना करा.

एक लक्षात ठेवा. त्या खोलीत कोण असावं हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचा आहे. ऐनवेळी संकोचून ती म्हणाली की तुम्ही बाहेर थांबा, तर मनाला लावून न घेता दाराशी थांबा. पतीधर्म त्यातही पुरा होतो.

शंका : मी आत जायचं ठरवलं आहे, पण मनातून घाबरलो आहे. रक्त पाहिलं की मला घेरी येते. तिथे माझा नेमका उपयोग काय?
– एक वाचक, ठाणे

समाधान : उपयोग फार मोठा आहे. प्रसूतीच्या वेळी सतत कुणीतरी सोबत असेल तर काय होतं, याचा 17 देशांतल्या 15 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या 26 अभ्यासांच्या आधारे 2017 साली एकत्रित आढावा घेतला गेला. सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होण्याचं प्रमाण जास्त होतं, कळांचा काळ थोडा कमी होता आणि सिझेरियनही कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये, बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली.

तयारी घरापासून करा. नववा महिना लागला की तपासणीची फाइल, तिचे आणि बाळाचे कपडे एका पिशवीत भरून ठेवा. गाडी ठरवून ठेवा आणि 108 क्रमांक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाणी गेलं, रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं असह्य दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर कळांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पहिलटकरणीच्या कळा बराच वेळ चालतात. गर्भपिशवीचं तोंड 10 सेंटिमीटर उघडायचं असतं. ते 5 सेंटिमीटर उघडल्यावर पुढचा जोराचा टप्पासुद्धा पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत चालू शकतो. म्हणून तुम्ही दोन घास खाऊन जा. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला घोटघोट पाणी द्या, हाताला धरून चालवा. कळ आली की कंबरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाबून धरा आणि तिच्याबरोबर सावकाश श्वास घ्या. कळ ओसरली की तिला टेकू द्या. तिला तुमचा हात नकोसा झाला तर लगेच बाजूला घ्या. ‘ओरडू नको’, ‘सगळ्याच बायकांना होतं’ ही वाक्यं तोंडातून काढू नका. ‘मी इथेच आहे’ एवढं पुरतं. तिला काही विचारायचं असेल आणि बोलवत नसेल, तर सिस्टरना तुम्ही विचारा, पण नम्रपणे. वेदना कमी करणारं इंजेक्शन तिने मागितलं तर तो निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा. वेदना सोसल्यानेच आईपण सिद्ध होतं असं धर्म कुठेही सांगत नाही.

रक्ताची भीती असेल तर तिच्या उशाशी, तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहा. घेरी येते असं वाटलं तर तिथेच खाली बसा आणि सिस्टरना सांगा. यात कमीपणा नाही.

बाळ बाहेर आलं म्हणजे काम संपलं असं नाही. वार पडायची असते आणि त्यानंतरचे काही तास अतिरक्तस्रावाचा धोका असतो. सगळे बाळाभोवती जमलेले असताना तुम्ही तिच्याजवळ राहा. ‘गरगरतंय’, ‘फार ओलं लागतंय’ असं ती म्हणाली तर तत्काळ सांगायला धावा. पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी घेऊन चीक पाजायचा असतो. मध किंवा साखरपाणी चाटवायला कुणी आलं तर हात जोडून थांबवा. जातकर्मात मध-तूप सांगितलं आहे हे खरं, पण मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, हे आज माहीत झालं आहे. वर्षाच्या आत मध नको. संस्कार बाळाच्या कल्याणासाठी असतो, म्हणून ओठांना मध न लावता आशीर्वाद द्या.

आणि ‘काय झालं?’ हे विचारण्याआधी तिच्याशी बोला. उपनिषदात पती प्रसूतीनंतर पत्नीला उद्देशून मंत्र म्हणतो आणि तिला वीर स्त्री म्हणून गौरवतो. त्या मंत्रात पुत्राचा उल्लेख आहे. आपण मुलगी झाली तरी तोच गौरव, त्याच आनंदाने करावा.

शंका : सरकारी रुग्णालयात नाव घातलं आहे. तिथे नवऱ्याला आत घेत नाहीत. माझं कर्तव्य राहून जाईल का?
– एक वाचक, नंदुरबार

समाधान : राहून जाणार नाही. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये परवानगी दिली आहे. सोबतीण स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, आणि जिथे आडोशाची नीट व्यवस्था असेल तिथे पतीलाही घेता येईल, असं त्यात आहे. एका खोलीत अनेक जणी असतात. त्यांचीही लाज आपणच राखायची. म्हणून आधीच चौकशी करा आणि कोण हवं ते पत्नीला विचारा. ती आई म्हणेल, जाऊ म्हणेल, नणंद म्हणेल. ज्यांचं नाव ती घेईल त्यांना घेऊन या.

तिरुचिरापल्लीच्या टेकडीवर तायुमानस्वामी हे शिवाचं मंदिर आहे. कावेरीला पूर आल्याने एका गर्भवतीची आई पलीकडेच अडकली, तेव्हा शिवाने त्या आईचं रूप घेऊन तिचं बाळंतपण केलं, अशी तिथली कथा आहे. देवानेसुद्धा तिला हवी होती तीच सोबत दिली. तुम्ही बाहेर राहून औषधं आणा, रक्ताची गरज लागली तर धावा, आतल्या सोबतिणीला चहा-जेवण पोहोचवा. हीसुद्धा सेवाच आहे.

शंका : डॉक्टरांनी सिझेरियन करावं लागेल असं सांगितलं आहे. वडील म्हणतात, मग मुहूर्त काढूनच करू. सुचवलेला दिवस दोन आठवडे अलीकडचा आहे. पत्नीला ते मान्य नाही.
– एक वाचक, पुणे

समाधान : वडिलांना स्पष्ट नकार द्या आणि तो पत्नीवर न ढकलता स्वतःच्या तोंडाने द्या. ठरवून करायचं सिझेरियन, दुसरा धोका नसेल तर, 39 आठवडे पूर्ण झाल्यावर करतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. आई किंवा बाळ धोक्यात असेल तर मात्र एक घटकाही थांबायचं नसतं. दोन्ही बाबतीत वेळ ठरवायची ती डॉक्टरांनी. पत्रिका जन्मवेळेवरून मांडतात, पत्रिकेसाठी जन्मवेळ ओढून आणू नये. नामकरणाचा मुहूर्त मात्र वडिलांनाच काढायला सांगा. बाराव्या दिवशी घर जमवून तो मान त्यांना द्या.