क्लोझापिन आणि भीतीचा हिशेब

2014 साली फिनलंडमध्ये दर लाख लोकांमागे 189 जण क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध घेत होते. न्यूझीलंडमध्ये 116. जपानमध्ये हा आकडा 0.6 होता, म्हणजे लाखात धड एकसुद्धा नाही. 17 देशांची ही तुलना 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. स्किझोफ्रेनियाचे प्रमाण देशागणिक थोडे इकडेतिकडे होते हे खरे, पण तीनशे पटींनी नक्कीच नाही. शिवाय औषध तेच, त्यावरचे शोधनिबंध तेच, आणि ते वाचणारे डॉक्टरही साधारण त्याच पाठ्यपुस्तकांवर शिकलेले. मग चिठ्ठी लिहिताना हात कुठे अडतो?

या यादीत फिनलंड सर्वांत वर असावा, ही यातली चक्रावून टाकणारी गोष्ट. कारण या औषधाची भीती जगाला दिली ती फिनलंडनेच.

क्लोझापिन स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या वांडर कंपनीत 1950 च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्याआधी, 1952 मध्ये, पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरून पाहिले होते आणि मनोविकारांच्या औषधोपचाराचे पर्व सुरू झाले होते. त्या औषधांनी भास कमी होत, पण अंग ताठरे, हात थरथरत, चेहरा निर्विकार होई. मग हा ताठरपणा म्हणजेच औषध लागू पडल्याची खूण, असा समज मनोविकारतज्ज्ञांमध्ये रुजला. क्लोझापिनने अंग ताठरत नव्हते, म्हणून ते खरे औषध आहे की नाही याचीच शंका घेतली गेली. रुग्णाला त्रास होत नाही म्हणून औषधावर अविश्वास दाखवण्याचा हा नमुना वैद्यकाच्या इतिहासातही विरळाच असेल. तरीही जर्मन भाषक देशांतल्या काही डॉक्टरांनी ते नेटाने वापरले, आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी ते युरोपात विक्रीला आले.

1975 मध्ये ते फिनलंडला पोहोचले. काही महिन्यांतच तिथल्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळू लागल्या आणि साध्या संसर्गाने आठ जण दगावले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आले. फिनलंडने औषध थांबवले आणि सँडोझने (वांडर तोवर त्यांच्या ताब्यात गेली होती) बहुतेक ठिकाणांहून काढता पाय घेतला.

बातमी सगळ्यांनी एकच ऐकली, वागले मात्र जो तो आपापल्या परीने. पश्चिम जर्मनीच्या डॉक्टरांनी या औषधाचा गुण पाहिलेला होता. ते सोडायला तयार नव्हते, म्हणून रक्ततपासणीच्या अटीवर ते चालू राहिले. अमेरिकेत दार बंदच झाले. चीनमध्ये ते देशातच बनत होते आणि स्वस्त होते. तिथे ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवले गेले नाही. अनेक वर्षे स्किझोफ्रेनियासाठी सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या औषधांत त्याची गणना होती.

अमेरिकेचे दार पुन्हा उघडले ते जॉन केन आणि सहकाऱ्यांच्या 1988 च्या चाचणीने. किमान तीन औषधे लागू न पडलेले रुग्ण त्यांनी निवडले. सहा आठवड्यांत क्लोरप्रोमाझिनने 4 टक्के सुधारले, क्लोझापिनने 30 टक्के. पुढच्याच वर्षी परवानगी मिळाली, पण रक्ततपासणीसकट विकल्या जाणाऱ्या या औषधाचा वर्षाचा खर्च जवळपास 9,000 डॉलर होता आणि तपासणी कंपनीने ठरवलेल्या यंत्रणेकडूनच करून घ्यावी लागे. अनेक राज्ये न्यायालयात गेली आणि ही जोडगोळी सोडवावी लागली. सावधगिरीचाही धंदा होतो तो असा.

पण त्या सावधगिरीने माणसे वाचली, हेही कबूल केले पाहिजे. 1990 नंतरच्या पहिल्या पाच वर्षांत अमेरिकेत 99,502 रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या 382 जणांच्या पेशी घातक पातळीपर्यंत घसरल्या, पण दगावले ते 12 जण.

इथून पुढे विचाराला वेगळे वळण लागते. औषधाने आलेला मृत्यू दिसतो. त्याला तारीख असते, चिठ्ठीवर सही असते, चौकशी होते. औषध न दिल्याने आलेला मृत्यू आजाराच्या खात्यावर जमा होतो. भास सांगतात म्हणून कुणी इमारतीवरून उडी मारली, तर क्लोझापिन का दिले नाही असे डॉक्टरला कोणी विचारत नाही. हा दुसरा हिशेब हळूहळू मांडला जाऊ लागला. 2003 मध्ये हर्बर्ट मेल्टझर आणि सहकाऱ्यांनी 980 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली: ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत क्लोझापिनवर आत्महत्येचे प्रयत्न कमी दिसले. 2009 मध्ये यारी तीहोनेन यांनी सुमारे 67 हजार रुग्णांच्या अकरा वर्षांच्या सरकारी नोंदी तपासल्या. मनोविकाररोधक औषधांपैकी सर्वांत कमी मृत्युदर क्लोझापिन घेणाऱ्यांचा होता. अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप आले आणि त्यातले काही रास्तही आहेत. पण हा अभ्यास झाला कुठे? फिनलंडमध्ये. ज्या देशाने मृतांची नोंद नीट ठेवली, त्याच देशाला पुढे जगलेल्यांचीही मोजदाद करता आली. तिथल्या वापराचे मूळ मला या सवयीत दिसते.

जपानने 2009 पर्यंत परवानगीच दिली नाही. दिली तीही नोंदणीकृत रुग्णालयांपुरती, आणि सुरुवातीचे 18 आठवडे तत्त्वतः रुग्णालयातच काढायचे या अटीवर. याला कोणी दक्षता म्हणेल. पण 2001 च्या पूर्व आशियाई पाहणीत, एकाच रुग्णाला दोन-तीन मनोविकाररोधक औषधे एकदम देण्यात जपान आघाडीवर होता. एका धोकादायक औषधाऐवजी चार ओळखीची. सरकारला अखेर 2014 मध्ये अशा चिठ्ठ्यांचे शुल्क कापावे लागले. माझ्या मते ही दक्षता नव्हतीच. जोखीम चार गोळ्यांत विभागली की ती कोणाच्याच नावावर लागत नाही.

सुरक्षित पातळीचे आकडे तरी निर्विवाद असावेत? तसेही नाही. ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावरून ठरले होते. आफ्रिकी वंशाच्या आणि मध्यपूर्वेतल्या अनेक निरोगी माणसांत पांढऱ्या पेशींचा एक प्रकार मुळातच कमी असतो. त्यांना वर्षानुवर्षे औषध नाकारले गेले किंवा मध्येच बंद झाले. अमेरिकेने त्यांच्यासाठी वेगळी पातळी ठरवली ती 2015 मध्ये.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या जागी अडतो. क्लोझापिन भारतात बनते, गोळी परवडते. पण पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे, तर तालुक्याच्या गावी जाणे, बरोबरच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि प्रयोगशाळेचे बिल मिळून गोळीपेक्षा तपासणीच महाग पडते. त्यामुळे कधी औषध सुरूच होत नाही, कधी तपासणी गळते.

2025 मध्ये अमेरिकेने रक्ततपासणीशी जोडलेली सक्तीची नोंदणी-यंत्रणाच काढून टाकली. तपासणीचा सल्ला कायम आहे. तिच्या निकालावाचून औषध अडवण्याची तरतूद गेली. दरम्यान तिथल्याच औषध प्रशासनाने 2020 मध्ये क्लोझापिनच्या दुसऱ्या एका धोक्याचा इशारा अधिक कडक केला: तीव्र बद्धकोष्ठ, आतड्यांची हालचाल मंदावणे, त्यातून मृत्यू. त्यासाठी यंत्रणा लागत नाही, रक्तही काढावे लागत नाही. दर भेटीत पोट साफ होते का, एवढे विचारावे लागते. रक्ताचा कागद मागणाऱ्या दवाखान्यांत हा प्रश्न अनेकदा राहून गेला.