शिदोरी आणि सांडपाणी

स्वतःपुरता साठा करणाऱ्या माणसाला शहाणा म्हणावे की स्वार्थी? साठ्यावाचून प्रपंच चालत नाही हे खरे, पण साठा वाढला की मनुष्य त्याचा राखणदार होऊन बसतो हेही तितकेच खरे. वाचकहो, या प्रश्नाच्या विचारासाठी एका दूरच्या वाळवंटाचे उदाहरण घेऊ.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचे वाळवंट आहे. हिमयुगातील एका विशाल सरोवराचा तो कोरडा पडलेला तळ. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस तेथे ‘बर्निंग मॅन’ नावाचा मेळा भरतो आणि आठवड्यापुरते सुमारे ७०,००० माणसांचे नगर वसते. तेथे किराण्याचे दुकान नाही की पाण्याचा नळ नाही. बर्फ तेवढा विकत मिळतो. बाकीचे सारे ज्याचे त्याने आणायचे.

पुष्कळ लोक कॅम्पर घेऊन येतात. निजण्याची, रांधण्याची सोय असलेली ही गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. निघण्यापूर्वीची तिची तयारी पाहण्याजोगी असते. तेथील धूळ पिठासारखी बारीक व क्षारयुक्त असते. अनवाणी फिरणाऱ्याच्या पायांना भेगा पडतात आणि पाय व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुवावे लागतात. ही धूळ घरात शिरू नये म्हणून खिडक्यांच्या व झडपांच्या फटी चिकटपट्टीने बुजवतात, अंथरुणे झाकतात. पिणे, रांधणे, धुणे धरून माणशी रोज सुमारे पावणेसहा लिटर पाणी न्यावे, असा संकेत आहे. दोघांना आठ दिवसांचे म्हणजे ९० लिटरांच्या आसपास पाणी झाले.

या मेळ्याची दहा तत्त्वे त्याच्या संस्थापकांपैकी लॅरी हार्वे यांनी २००४ मध्ये लिहून काढली. त्यांत संपूर्ण स्वावलंबन हे एक तत्त्व आहे, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता देणे हेही एक आहे. वरवर पाहता येथे विरोध दिसतो. ज्याने स्वतःच्या घराच्या फटीसुद्धा बुजवल्या, तो दुसऱ्याला दार उघडील कसा?

पण थोडा विचार करावा. रिकाम्या टाकीचा मनुष्य कितीही कनवाळू असला तरी तहानलेल्याला काय देणार? त्याला स्वतःलाच शेजाऱ्याच्या दारी उभे राहावे लागेल. २०२३ मध्ये मेळ्याच्या अखेरीस पाऊस आला, त्या तळाचा चिकट चिखल झाला आणि गाड्यांची ये-जा थांबवावी लागली. अन्न, पाणी व इंधन जपून वापरा, अशी सूचना निघाली. अशा वेळी ज्याच्याकडे दोन दिवसांचे अधिक होते, त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: दार लावून मोजत बसणे, किंवा वाटून खाणे. साठा दोन्ही वाटांवर तोच. फरक तो कोणासाठी केला, या भावनेचा. भीतीपोटी केलेला साठा कधीच पुरेसा वाटत नाही. आपला भार दुसऱ्यावर पडू नये एवढ्यासाठी केलेल्या साठ्याला मात्र माप असते, आणि मापाबाहेर उरलेले देताना हात अडखळत नाही.

कॅम्परमध्ये आणखी एक टाकी असते, तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती सांडपाण्याची. भांडी घासलेले, अंग धुतलेले पाणी त्या जमिनीवर ओतण्यास मनाई आहे. ते उपसून नेणाऱ्या गाडीला पैसे देऊन द्यावे, नाहीतर आपल्याबरोबर परत न्यावे. मेळा उठल्यावर माणसांच्या रांगा ती जमीन पायी चालून कण कण वेचतात. पुढे सरकारी तपासणी होते, आणि एकरामागे एक चौरस फुटाहून अधिक कचरा सापडता कामा नये, असा दंडक आहे.

घरी आपण नळ सोडतो आणि मोरीचे पाणी नाहीसे होते. निदान आपल्याला तसे वाटते. ते कोणाच्या नदीत, कोणाच्या शेतात गेले, हे विचारण्याची वेळ येत नाही. वाळवंटातल्या त्या गाडीत मात्र जेवढे वापरले तेवढे पायाखालच्या टाकीत साचलेले दिसते. मग हात आपोआप आखडतो, एका तांब्यात काम भागते.

खरे तर संपूर्ण स्वावलंबी तो प्रवासीही नाही. त्याच्या टाकीतले पाणी कुठल्या तरी गावच्या नळाचे, चाके कुणा कामगाराच्या हातची, रस्ता सर्वांच्या कराचा. म्हणून कोणाचीच गरज नसणे, असा स्वावलंबनाचा अर्थ घेतला तर तो अहंकार होईल. घेतले त्याची जाण ठेवावी, उरले ते द्यावे, आणि आपली घाण दुसऱ्याच्या अंगणात लोटू नये, एवढाच अर्थ घेतला तर ते आचरणात येण्याजोगे आहे.

शिदोरी बांधताना आपण सगळेच काळजी घेतो. सज्जनहो, आज घरातून बाहेर जाणारे सांडपाणी आणि केर कोणाच्या वाट्याला जातो, तेवढे एकदा शोधून पाहावे.