उठाव फसला, माणसे मोठी झाली

1975च्या जुलैत काबूलहून परागंदा झालेल्या काही इस्लामवादी तरुणांनी अफगाणिस्तानच्या पंजशीर खोऱ्यात सरकारविरुद्ध उठाव केला. पाकिस्तानने त्यांना आसरा, प्रशिक्षण, शस्त्रे सगळे पुरवले होते. गावकरी मात्र त्यांच्या मागे गेले नाहीत आणि प्रकरण लगेच आटोपले.

त्यांना पोसणारे पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो कोणी मुल्ला नव्हते. त्यांची चिंता ड्युरँड रेषेची होती. पाकिस्तान-अफगाणिस्तानमधली 1893ची ही सीमा काबूलला मान्य नव्हती. 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध मत देणारा अफगाणिस्तान हा एकमेव देश. पश्तून राष्ट्रवादी उद्या पेशावर मागतील, धर्मासाठी लढणारे मागणार नाहीत, असा तो रोकडा हिशेब होता.

डिसेंबर 1979 मध्ये अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्या आणि पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांनी हाच हिशेब अमेरिका व सौदी अरेबियाच्या पैशावर पुढे चालवला. शस्त्रांचे वाटप आयएसआय या पाकिस्तानी गुप्तचर संस्थेकडे. पेशावरात मान्यता फक्त सात पक्षांना, तीही धर्माच्या नावावर लढणाऱ्या. त्यातल्या परंपरावादी, राजनिष्ठ गटांच्या वाट्याला थोडे, सगळ्यांत कडव्या गुलबुद्दीन हिकमतयारला सर्वाधिक. निर्वासिताला शिधा हवा तर यांपैकी एका पक्षात नाव नोंदवावे लागे. श्रद्धा कोणती, हे पोटाने ठरवायचे! 1975 मध्ये ज्यांना एक खोरे उठवता आले नाही, ते दहा वर्षांत लाखो माणसांचे पुढारी झाले.

लोकांचा राग उसना नव्हता, हे इथे नोंदवायला हवे. मार्च 1979 मध्ये हेरात पेटले, तेव्हा अमेरिकेची मदत सुरूही झाली नव्हती. काबूलच्या साम्यवादी राजवटीचा जुलूम त्याला पुरेसा होता. पण त्या रागाचे पुढारपण कोणाकडे जाणार, हे देशाबाहेरच्या कचेऱ्यांत ठरले.

मला सर्वांत अस्वस्थ करतात ती याच काळातली अफगाण मुलांची पाठ्यपुस्तके. अमेरिकी सरकारच्या पैशातून नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा केंद्राने ती तयार करवली. मुलांनी बेरीज-वजाबाकी शिकायची ती बंदुका, गोळ्या आणि मेलेले रशियन मोजून. बंदुका पुढे परत विकत घेता येतात. अमेरिकेने या लढवय्यांना दिलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्रांसाठी तो खटाटोप केलाही. शिकवलेले परत कसे घेणार? तालिबाननेही पुढे हीच पुस्तके वापरली, चित्रांतल्या माणसांचे चेहरे तेवढे खोडून.

फेब्रुवारी 1989 मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक गेला, वॉशिंग्टनचा रस संपत गेला. इस्लामाबादचा संपला नाही. हिकमतयारने काबूलवर रॉकेटे डागली, शहर उद्ध्वस्त केले, पण सत्ता काही हाती लागेना. तेव्हा 1994 पासून पाकिस्तानने तालिबानवर डाव लावला. 1996 मध्ये तालिबानने काबूल घेतले. पाकिस्तानच्या मदतीवर तगलेल्या त्या राजवटीनेही ड्युरँड रेषेला मान्यता दिली नाही. 2021 मध्ये परतलेल्या तालिबाननेही दिलेली नाही.